बारा फुटी होडी, चौघांचं कुटुंब : हिडकल ते रेणुकासागर

पहिला दिवस : बेळगाव ते हिडकल

अठरा फुटी फायबरची होडी आणि चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन हा जामानिमा खाडीच्या मापाचा. बेळगाव जिल्ह्यातल्या धरणांवर घरच्या मंडळींना घेऊन गळ टाकायला जायचं, तर त्यातलं निम्मं अंगावर पडतं. इंजिनसकट पाचशे किलोच्या पुढचं वजन, स्वतंत्र नोंदणीचा ट्रेलर, पाण्यात उतरवायला पक्का उतार, आणि पूर्ण वेगात तासाला पंधरा लिटरच्या आसपास पेट्रोल. पाणी जवळ असूनही अशी होडी वर्षातले बरेच महिने शेडमध्येच पडून राहते. दोघांनी उचलून पाण्याला लावता येईल अशी बारा फुटी सपाट तळाची ॲल्युमिनियमची होडी घेतली की शनिवार-रविवारी सहज निघता येतं. मात्र या होडीत प्रत्येक किलोचा हिशेब ठेवावा लागतो, आणि तो घरून निघायच्या आधीच मांडावा लागतो.

होडीचं माप असं : लांबी १२ फूट, रुंदी ४ फूट, बाजूची उंची ५० सेंटिमीटर. पत्रा २ मिलिमीटरचा, ५०५२ ग्रेडचा, म्हणजे होड्यांना वापरतात त्या कडक ॲल्युमिनियमचा. या जाडीचा पत्रा चौरस मीटरला ५.४ किलो भरतो. तळ, दोन्ही बाजू, पुढचं तोंड आणि मागची फळी मिळून साधारण साडेआठ चौरस मीटर पत्रा लागतो, म्हणजे ४६ किलो. आडवे पट्टे आणि बैठका धरून होडी ६५ किलोवर जाते. उद्यमबागेसारख्या भागात वर्कशॉपची कमी नाही, पण काम देण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, पत्रा खरंच ५०५२ आहे का. भांड्यांचा मऊ पत्रा दगडावर घासला की त्याला लगेच पोचे पडतात. दुसरी, टिग वेल्डिंगला सांध्यात वितळवून भरायची फिलर कांडी ५३५६ ची वापरणार का. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांच्या पुढे. म्हणून सांधा ॲसिटोननं पुसून, फक्त ॲल्युमिनियमसाठी राखून ठेवलेल्या स्टीलच्या ब्रशनं घासून मगच जोडावा लागतो. तेलकट किंवा ओलसर पत्र्यावर मारलेल्या वेल्डिंगमध्ये बारीक छिद्रं राहतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, पाण्यात उतरल्यावर कळतात.

ती आधीच शोधायची तर होडी सपाट जमिनीवर सगळा तळ टेकेल अशी ठेवून आत पाच सेंटिमीटर पाणी भरावं, बाहेरून सांधे कोरडे पुसावेत आणि अर्ध्या तासानं जिथं ओल दिसेल तिथं खडूनं खूण करावी. लाकडी घोडीच्या आधारावर ठेवून पाणी भरायचं नाही. पाच सेंटिमीटर पाण्याचंच वजन पावणेदोनशे किलो होतं आणि तळ कायमचा वाकतो.

चौघांचा हिशेब असा. दोन मोठी माणसं १३० किलो, दोन मुलं ६० किलो. होडी ६५, शंभर अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी २९, विजेची मोटर ९, नांगर दोरासकट ९, वल्ही ४, लाइफ जॅकेट ३, आणि गळ, डबे, पाणी, बर्फाची पेटी मिळून १५. एकूण ३२४ किलो. एवढ्या तळाची होडी ३५० किलोला सुमारे दहा सेंटिमीटर बुडते, म्हणजे इथं नऊच्या आसपास. वर ४० सेंटिमीटर कोरडी बाजू उरते. माणसांसाठी सोपा आडाखा म्हणजे लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले पंधरा : ४८ भागिले १५, म्हणजे तीन मोठी माणसं. दोन मोठी आणि दोन लहान मुलं त्यात बसतात. पाचवा पाहुणा बसत नाही, मग तो कितीही जवळचा असो. त्यानं काठावर थांबावं आणि पुढच्या फेरीला यावं.

होडी पिकअपवर नेली. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, हौदा त्याहून आखूड. मागे लोंबकळत नेली तर पोलीस अडवतात आणि ते रास्तच आहे. म्हणून हौद्यावर केबिनच्या उंचीची लोखंडी चौकट बसवून होडी पालथी टाकली. तिचं तोंड केबिनवर येतं आणि मागे काही बाहेर राहत नाही. रॅचेटचे पट्टे बैठकीच्या किंवा आडव्या पट्ट्याच्या रेषेतच आवळावेत. मधल्या मोकळ्या पत्र्यावर आवळले तर पत्रा दबतो. पुढच्या टोकाची दोरी बंपरला वेगळी बांधावी आणि पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ताणावेत, कारण ते हमखास ढिले पडतात. काकती, वंटमुरीचा घाट ओलांडून हत्तरगीच्या आसपास महामार्ग सोडला आणि पूर्वेला हिडकलकडे वळलो.

हिडकलचं राजा लखमगौडा धरण हुक्केरी तालुक्यात घटप्रभेवर आहे. साठा सुमारे ५१ टीएमसी. संध्याकाळ कागदपत्रांत गेली, आणि ती तशी जाऊ द्यावीच. जलाशय कर्नाटक नीरावरी निगमाच्या ताब्यात, मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय खात्याचा, आणि पाण्यावर रोजचा वावर स्थानिक मच्छीमारांचा. तिन्हीकडे विचारल्याशिवाय होडी उतरवायची नाही. होडीला मोटर लावायची असेल तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणीचं काय करावं लागतं, हेही आधीच विचारून घ्यावं. अर्ज कन्नडमध्ये लागतो. घरातली शाळकरी मुलं कन्नड लिहितात, त्यांच्याकडून लिहून घ्यावा. त्यांनाही सहलीतलं आपलं एक काम मिळतं. धरणाची भिंत आणि सांडव्याजवळचं पाणी मात्र परवाना असला तरी वर्ज्य.

दुसरा दिवस : हिडकलचं बॅकवॉटर

मार्गशीर्षात धरण बऱ्यापैकी भरलेलं असतं आणि सकाळी वारा पडलेला असतो. पाणी जसजसं खाली जातं तसतसा काठावर गाळाचा पट्टा उघडा पडतो, गुडघाभर रुतणारा. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिरही वर येतं. तेव्हा दर्शनाला जावं, होडी घेऊन नव्हे. ओल्या काठावरून होडी ओढण्यासाठी ११० मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप, चार-चार फुटांचे तीन तुकडे सोबत होते. होडी दोन पाइपांवर, तिसरा पुढे टाकायचा, मागचा निघाला की उचलून पुढे आणायचा. दोन माणसं ६५ किलो अशी सहज नेतात. बॅटरी, मोटर, नांगर सगळं होडी पाण्याला टेकल्यावर चढवायचं. त्याआधी तळाचं बूच घट्ट आहे ना, हे हातानं फिरवून बघायचं. नुसतं बघून चालत नाही.

मुलांना लाइफ जॅकेट काठावरच घातली. मुलांचं जॅकेट वयावर नाही, वजनावर घ्यायचं, आणि पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्यायचं. तो नसला की पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकतं आणि मूल खाली राहतं. खांद्याला धरून जॅकेट वर ओढून बघावं. हनुवटी आत गेली तर ते मोठं आहे.

बसण्याची जागा ठरलेली असावी. मोटर लावायची मागची फळी ३८ सेंटिमीटरची, म्हणजे बाजूपेक्षा १२ सेंटिमीटर खाली. एक मोठा माणूस, मोटर आणि बॅटरी असं सगळं मागेच ठेवलं तर मागची बाजू आणखी बसते, आणि होडी थांबवताना मागून येणारी आपलीच लाट फळीवरून आत येते. छोट्या होड्यांत पाणी शिरतं ते बहुधा असंच. म्हणून बॅटरी पुढच्या बैठकीखाली, पट्ट्यानं बांधलेली. तिथून मोटरपर्यंत जाऊन-येऊन सहा मीटर वायर होते, म्हणून १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी. सहा चौरस मिलिमीटरची घेतली तर तीस अँपिअरला अर्धा व्होल्ट वायरमध्येच जातो आणि वायर तापते. बॅटरीच्या धन टोकाजवळ ५०-६० अँपिअरचा ब्रेकर. ऋण वायर स्वतंत्र न्यायची. मोटरगाडीत करतात तसा होडीचा पत्रा परतीच्या वायरीसारखा कधीच वापरायचा नाही, त्यानं पत्रा खाल्ला जातो.

मोटर ३६ पौंड थ्रस्टची, म्हणजे तेवढ्या जोरानं ढकलणारी. एकूण वजनाच्या दर ४५ किलोला दोन पौंड हा किमान आडाखा. ३२४ किलोला साडेचौदा पौंड पुरतात, पण ते वारा नसताना. दुप्पट ठेवलं म्हणजे परतताना धीर राहतो. पूर्ण वेगात ही मोटर तीसेक अँपिअर ओढते. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे हाताशी पन्नास अँपिअर-अवर, पूर्ण वेगात दीड तास. तीच मोटर तिसऱ्या वेगावर आठ-दहा अँपिअर घेते आणि पाच तास चालते. शांत पाण्यात चालीच्या वेगानं जायचं मान्य केलं की एका दिवसाची वीज दीड युनिटच्या आत बसते. त्या पंधरा लिटर पेट्रोलच्या शेजारी हा आकडा ठेवून बघावा. वल्ही तरीही होडीत हवीतच.

काठापासून थोडं आत गेल्यावर मच्छीमारांच्या गोल होड्या दिसू लागल्या. जाळ्यांना थर्माकोलचे तुकडे बांधलेले असतात; उन्हाच्या तिरिपेत ते दिसत नाहीत आणि मोटरच्या पात्यात जाळं अडकलं की त्यांचं दिवसाचं नुकसान होतं. म्हणून आधी विचारावं. "मामा, जाळी कुठवर टाकलीसा?" एवढं विचारलं की हातानं सगळी हद्द दाखवतात आणि न विचारता पुढचंही सांगतात : "पावणं, दोनाच्या आत काठाला लागा. वारं सुटलं की हितं धरवत नाही." हा सल्ला हवामानाच्या ॲपपेक्षा पक्का मानावा.

नांगर म्हणजे रंगाच्या डब्यात ओतलेलं काँक्रीट, मध्ये लोखंडी कडी, आठ किलोचा. पाणी पाच मीटर खोल असेल तर दोर पंधरा ते वीस मीटर सोडायचा. दोर नेहमी पुढच्या टोकाला बांधायचा. मागे बांधला की होडीची सखल बाजू वाऱ्याकडे होते आणि लाट थेट आत येते.

गळाला लावायचा गोळा : भुईमुगाची पेंड दोन भाग, कणीक एक भाग, थोडा मैदा, पाणी हळूहळू. पेंड नुसती वापरली तर पाण्यात लगेच सुटते. मैदा जास्त झाला तर रबर होतो आणि मासा चाखून सोडून देतो. गोळा पाण्याच्या ग्लासात टाकून दहा-पंधरा मिनिटं टिकतो का ते काठावरच पाहावं. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. त्यामुळे एकाच होडीतून तीन वेगवेगळ्या खोलींवर गळ लावले तर कुठला मासा आज खातोय ते तासाभरात कळतं. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, ०.३० ते ०.३५ मिलिमीटरचा पुरे. मुलांना रीळ नको. आठ फुटी साधी काठी, तेवढाच दोरा, बोया आणि गांडूळ. चिलापी यावर भराभर लागते आणि मुलांचं मन रमतं. तिच्या पाठीवरचे काटे मात्र टोचतात, म्हणून ओल्या फडक्यानं डोक्याकडून मागे दाबत धरायची.

चार फुटी होडीत खांद्यावरून काठी फिरवून गळ फेकायची सोय नाही. मागे मुलं बसलेली असतात. खालून झोका देऊन टाकायचा. मोठा मासा लागला तर उभं राहायचं नाही आणि सगळ्यांनी एका बाजूला झुकायचं नाही; ज्याच्या हातात काठी त्यानं मासा होडीच्या मध्यापर्यंत आणायचा, शेजाऱ्यानं बसूनच हातजाळीत घ्यायचा. दुसऱ्या बाजूच्यांनी जागेवरच बसून राहणं हेही एक कामच आहे, आणि ते मुलांना आधी काठावर बसवून करून दाखवावं.

ॲल्युमिनियमला एक खोड आहे. डबा जरी तळावर आपटला तरी आवाज पाण्यात लांब जातो आणि मासा हलतो. शिवाय दुपारी पत्रा चटके देतो. आठ-दहा मिलिमीटरची रबरी चटई तळभर टाकली की दोन्ही त्रास मिटतात. चटईखाली वाळू राहू देऊ नये, ती पत्रा घासते.

साडेबाराला मासे बर्फात गेले. वजनाला वजन बर्फ, आणि वितळलेलं पाणी काढून टाकायचं. एकच्या सुमाराला होडी काठाला लागली. दोन वाजता पाण्यावर खरोखरच चुण्या पडायला लागल्या.

तिसरा दिवस : गोकाकमार्गे रेणुकासागर

हिडकलखाली घटप्रभेवर धुपदाळचा बंधारा लागतो. तिथलं पाणी फार मोहक दिसतं, पण ते घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे, १९७४ पासूनचं. हिवाळ्यात करकोचे उतरतात. गळ गाडीतच ठेवायचे आणि दुर्बीण काढायची. पुढे गोकाकला करदंट घेऊन यरगट्टीमार्गे सौंदत्तीकडे.

नविलुतीर्थाच्या धरणानं अडवलेला मलप्रभेचा रेणुकासागर उघडा आणि पसरट आहे. वाऱ्याला अडवायला फारसं काही नाही, त्यामुळे हिडकलच्या एखाद्या खोबणीत जी झुळूक वाटते तिची इथं लाट होते. हिवाळ्यात वारा बहुतेक पूर्वेकडून. छोट्या होडीचा नियम असा की सकाळी वाऱ्याच्या दिशेनं तोंड करून निघायचं, म्हणजे बॅटरी ताजी असताना कष्टाचं अंतर कापलं जातं आणि परतताना वाराच घरी आणतो. उलट केलं की दमलेली बॅटरी आणि समोरून वारा, असं दोन्ही एकदम वाट्याला येतं.

सकाळी नऊलाच लांबवर पांढरे फेस दिसले. वारा ताशी बारा-पंधरा किलोमीटरच्या पुढे गेला की लाटांचे माथे असे फुटायला लागतात. मुलं सोबत असताना पांढरा फेस दिसला की होडी उतरवायची नाही, यात वाद नको. म्हणून टेकाडाच्या आडोशाची खोबण शोधली आणि काठापासून पन्नास-साठ मीटरच्या आतच नांगर टाकला. सपाट तळाची होडी शांत पाण्यात फार स्थिर, पण लाटेवर आपटत चालते. वाटेत लाट लागलीच तर ती अगदी समोरून किंवा अगदी आडवी घ्यायची नाही. तीस-चाळीस अंश तिरकी घ्यायची, वेग कमी ठेवायचा आणि सगळ्यांनी बैठकीवरून तळावर बसायचं.

बुडण्याचा विचारही इथंच करावा. ॲल्युमिनियम स्वतः बुडतं. पाण्याखाली त्याचं वजन मूळ वजनाच्या त्रेसष्ट टक्क्यांच्या आसपास उरतं, म्हणजे या होडीचं ४१ किलो. बॅटरी, मोटर, नांगर मिळून आणखी चाळीस धरावं. बैठकांखाली शंभर लिटर फोम असेल तर ती पाण्यानं भरूनही कशीबशी तरंगते. दीडशे ते दोनशे लिटर असेल तर चौघांना धरायला आधार राहतो. फोम दोन्ही बाजूंना वर भरावा. तळाशी भरला तर पाणी शिरल्यावर होडी पालथी होते. साधं थर्माकोल चालतं, पण प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून, आणि पेट्रोलचं इंजिन असेल तर नको, कारण पेट्रोलनं ते विरघळतं.

या खोबणीत गवताच्या कडेला मरळीची जागा होती. मरळ पावसाळ्यात पिल्लांची राखण करते, तेव्हा तिला सोडून द्यावं. मार्गशीर्षात हरकत नाही. अकराला होडी बाहेर काढली. मार्गशीर्षी पौर्णिमेच्या आगेमागे यल्लम्माच्या डोंगराकडे बैलगाड्या आणि वाहनांची रीघ लागते, हेही तारीख ठरवताना ध्यानात ठेवावं. पिकअपवर होडी लादून त्या गर्दीत शिरणं सगळ्यांनाच त्रासाचं.

चौथा दिवस : बैलहोंगलमार्गे बेळगाव

आडोशाच्या पाण्यात सकाळचे दोन तास, आणि मग परतीचा रस्ता. वाटेत विषय कृष्णेचा निघतोच, कारण चिक्कोडी, निपाणीकडच्या लोकांना येडूर, कल्लोळचं पाणी जवळचं. तिथं गुळाच्या मोठ्या काहिलीत बसून नदी ओलांडणारी माणसं आहेत, त्यांना नदी माहीत आहे. पण मुलांना घेऊन चाळीस सेंटिमीटर काठाची होडी कृष्णेत घालू नये. सांगलीकडून खालच्या पट्ट्यात मगरी आहेत, आणि वरच्या अंगाच्या राजापूर बंधाऱ्यातून पाणी सोडलं की ओढ काही तासांत बदलते. पाच किलोमीटर वेगाची मोटर त्या ओढीपुढे टिकत नाही. राकसकोपचा जलाशय घराजवळ असला तरी ते बेळगाव शहराच्या पिण्याचं पाणी आहे. तिथं होडीचा विचारही नको.

घरी आल्यावर तासाभराचं काम उरतं आणि होडी वीस वर्षं टिकणार की पाच, हे त्या तासावर ठरतं. बूच काढून तोंडाकडची बाजू उचलून गाळ धुवायचा, चटई बाहेर काढून वाळवायची. लोखंडी किंवा पितळी बोल्टच्या भोवती पांढरी भुकटी दिसली तर तिथं पत्रा खाल्ला जातोय. बोल्ट स्टेनलेसचा करून खाली नायलॉनचा वॉशर घालायचा. तांब्याच्या औषधात बुडवलेलं प्लायवूड फळीला किंवा बैठकीला वापरलेलं असेल तर ते काढून टाकावं, त्यातलं तांबं ॲल्युमिनियमला खातं. साधं मरीन प्लाय इपॉक्सी लावून बसवावं. होडी पालथी, लाकडाच्या दोन ओंडक्यांवर ठेवावी; ओल्या सिमेंटवर, चुन्याजवळ किंवा खताच्या पोत्यांशेजारी नको.

बॅटरी त्याच रात्री चार्जरला लावायची. थोडा वेळ निवू दिल्यावर १२.६ व्होल्टच्या वर दाखवली तर भरली, १२.२ च्या आसपास असेल तर निम्मी उतरलेली आहे आणि तशीच आठवडाभर पडली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं. एखादा रिव्हेट गळत असेल तर त्यावर नुसता सिलिकॉन फासू नये. तो सुटतो आणि त्यावर पुन्हा काहीच धरत नाही. रिव्हेट ड्रिलनं काढून, भोक कोरडं करून, एक माप मोठा बंद तोंडाचा ॲल्युमिनियम रिव्हेट पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बुडवून मारावा. सीलंटला वाळायला पूर्ण एक दिवस द्यावा, आणि पाण्याची चाचणी पुन्हा करावी.